ओली दोरी

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळ, दुधाची गाडी गेल्यावर

पंचसाहेबांस,

ठक्. धप्. धप्. आणि मग वाळूत फस्स.

हा आवाज सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बंद पडला होता. गव्हाणीची मोडकी फळी गोठ्यामागे पुरून तू तिच्यावरून तिहेरी उडी मारायचास. फळीवर ठक्, लंगडीचा पाय पडला की धप्, दुसरा पडला की पुन्हा धप्, आणि शेवटी वाळूच्या खड्ड्यात अंग टाकलं की फस्स. मी आतल्या खोलीत खिडकीशी कविता घोकत असायचो आणि तुझ्या त्या धपाधपीनं माझी ओळ बरोब्बर यतीच्या आधी तुटायची. तेव्हा राग यायचा. आता कधीकधी वाटतं, त्या तुटलेल्या ओळीच जास्त लक्षात राहिल्या.

असो. मला प्रेमाचा उमाळा आला म्हणून हे पत्र लिहितोय असा गैरसमज करून घेऊ नकोस. गेल्या वर्षापासून तो आवाज पुन्हा सुरू झालाय, म्हणून लिहितोय. माझी नात. पंधरा वर्षांची. नुसते पाय आणि ढोपरं, म्हणून मी तिला नाकतोडी म्हणतो. तिचा बाप, म्हणजे माझे चिरंजीव, शहरात कचेरीची खुर्ची उबवतात आणि दर रविवारी फोनवरून मला गाई कशा पाळाव्यात ते शिकवतात. उंटावरून शेळ्या हाकण्याची कला तुझ्या पिढीनंतर खंडित होईल अशी मला भीती होती. झाली नाही. पोरीला आईबापांनी न्यायचं म्हटलं तर ती म्हणाली, "आणि सहा गाई काय आजोबा पाठीवर घेणार?" राहिली इथेच.

तर येत्या पंधरा तारखेला खेळाच्या निवासी शाळेची निवड चाचणी आहे. पहिल्या फेरीतून सहा पोरी पुढे जाणार, दोन आठवड्यांनी दुसरी फेरी, त्यातून तिघी घेणार. शिक्षण, खेळ, राहणं सगळं तिथेच. शाळेतून आलेल्या कागदावर पंचांची यादी होती. तिहेरी उडी, फळीवरचा पंच: तू.

मी मोठ्यानं हसलो. गाय दचकली. स्वतःच्या निवड चाचणीत तीन उड्या आणि तीन लाल झेंडे खाल्लेला माणूस आता खुर्ची टाकून बसतो आणि दुसऱ्यांच्या पोरींना झेंडे दाखवतो! आठवतं ना, घरी येऊन काय म्हणाला होतास? "दादा, माझी पावलं चुकत नाहीत. काहीतरी वाकडं होतं." आणि मी म्हणालो होतो, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाबा आजारी होते तरी अंथरुणात हसले. त्याच आठवड्यात पिशवी उचलून पळालास. पळणं तुला जमायचंच. फळीपाशी थांबणं तेवढं जमलं नाही.

एवढंच सांगायचंय: पोरीला ओळख दाखवू नकोस. दया नको, उपकार नको. आपल्या घरात कोणीतरी सरळ उडी मारतं हे गुपचूप बघ.

नाइलाजानं तुझा,
थोरला


९ नोव्हेंबर, रविवार

पंचसाहेब,

कार्ड मिळालं. सत्तेचाळीस वर्षांनी चार शब्द: "पंच नातं बघत नाही." चारही शब्द शुद्ध लिहिलेत, अभिनंदन. आपले कवितेचे मास्तर असते तर वळणाचे अर्धे गुण कापले असते.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. पोरीचा दिवस ऐक, म्हणजे तुमच्या मैदानावरच्या दूध पिऊन वाढलेल्या पोरी आणि दूध काढून वाढलेली पोर यांतला फरक कळेल. पाचाला उठते. तीन गाई ती पिळते, दोन मी; सहावी, तांबडी, गाभण आहे, आटलीय. गोठा धुते. साडेसहाला गाडी येते, कॅन ती चढवते, कारण माझं मनगट आता दगा देतं. सायकलवर चार मैल शाळा. मधल्या सुट्टीत डबा न खाता उड्या. पाचाला परत, शेंगांच्या वाफ्यांत खुरपणी, पुन्हा धारा, मग कॅनच्या पालथ्या झाकणावर वही ठेवून गणित. परवा वहीत शेरा आला, "विद्यार्थिनी कवितेच्या तासाला झोपते." माझ्या जिवाला फार लागलं ते.

"कविता चालू असताना झोपलीस?"

"कविता कुठे चालू होती, आजोबा? बाईंनी मोबाइलवर लावली होती. तो माणूस इतका हळू गात होता, की तांबडीसुद्धा उभ्याउभ्या झोपली असती."

आता बोल. आम्हाला मास्तर पट्टी आपटून वृत्तं शिकवायचे. सगळा वर्ग एका सुरात यमाताराजभानसलगा म्हणायचा आणि खिडकीवरची कबुतरं उडायची. चाळीस पोरांच्या तोंडून भुजंगप्रयात निघाला की बाक हलायचे. लगागा लगागा लगागा लगागा. एक हलकं अक्षर, दोन जड. आजच्या बाई म्हणतात, पाठांतर नको, आशय समजून घ्या. आशय! ज्याला ओळ तोंडात धरता येत नाही, तो आशय कशात धरणार, ओंजळीत?

त्यांचं जाऊ दे. मी पोरीला वृत्त शिकवलं, पण पायांना. बारा अक्षरं, बारा पावलं. तिच्यासाठी ओळही केली:

गुरे हाकता हाकता धावते ही

बाराव्या अक्षराला फळी. मग मगण, तिन्ही अक्षरं जड: मा, ता, रा. ठक्, धप्, धप्. वाळू म्हणजे पूर्णविराम. ती हे मनात म्हणत धावते आणि पाय फळीच्या मध्यावर असा पडतो, जसा चांगल्या कवीचा यमकावर पडतो. तुला हे कोणी शिकवलं नव्हतं. मीच शिकवायला हवं होतं, पण तू कधी विचारलंस?

तिचे क्रीडाशिक्षक, ज्यांना सगळी शाळा शिट्टी म्हणते, परवा अंगणात आले. तोंडात शिट्टी नसताना हा माणूस बोलू लागला की मुक्यानं गळा काढल्यासारखं वाटतं. हातात पोलादी टेप.

"आजोबा, धावण्याचं अंतर हिनं मोजा. चाचणीत प्रत्येकीनं आपलं आपण मोजून खूण करायची असते."

मी खुंटीवरची दोरी दाखवली. तीच, तागाची, ओळी आखायची, हातहातभर अंतरावर गाठी असलेली. पोरीच्या धावेच्या चव्वेचाळीस गाठी होतात. "मास्तर, तीन पिढ्यांनी हिच्यावर ओळी आखल्या. एक रोप वाकडं गेलेलं नाही."

"रोपं उडी मारत नाहीत, आजोबा."

"ओल्या दोरीनं आखली तर तीही चुकतात. आम्हाला कळतं मोजायचं. तुम्ही शिट्टी वाजवा."

गेला बिचारा टेप गुंडाळत. बाबांचं वाक्य त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. "ओली दोरी खोटं बोलते. आधी वाळव, मग आखायला घे." ताग भिजला की आखडतो, गाठी जवळ येतात आणि रोपांची दाटी होते, हे शेतातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. टेपवाल्यांना काय कळणार?

थोरला


१६ नोव्हेंबर, रविवार

पंच,

साहेब म्हणवत नाही.

मी काल आलो नाही. तांबडी कुठल्याही क्षणी व्यायली असती. (अजून व्यायली नाही.) पण शिट्टीनं येऊन सगळं सांगितलं. त्या गृहस्थाचे डोळे ओले होते. असल्या माणसांना रडताना बघून मला लाज वाटते, पण काल मी त्यांना खुर्ची दिली.

पहिली उडी: लाल झेंडा. पाय फळीच्या वीतभर पुढे. दुसरी उडी: लाल झेंडा. पोरगी तुझ्याकडे बघतेय, आणि तू समोर बघत हात वर केलेला. लाल. तुझ्या सगळ्या आयुष्याचा रंग तोच दिसतो.

बारा पावलं तिची कधी चुकत नाहीत! इथे अंगणात शंभरदा बघितलीत मी. दोरीही मी स्वतः दिली होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून, पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून. मग चुकलं कुठे? मी सांगतो कुठे. पंच नातं बघत नाही म्हणालास. पंचानं आडनाव मात्र नीट वाचलं. तुला मिळालं नाही ते माझ्या पोरीला मिळू नये, हाच तो न्याय. भित्रा होतासच. आता दुष्टही झालास. म्हातारपणी माणसाला नवीन काहीतरी शिकता येतं, हे बघून बरं वाटलं.

आणि तिसरी उडी ऐक, तू तिथे होतास तरी ऐक, कारण तुला ती दिसली असेल, कळली नसेल. पोरीनं दोरीकडे बघितलंच नाही. फळीला टाच लावून, पाठ फिरवून उभी राहिली आणि उलटी धावत सुटली. शिट्टी म्हणतो, ओठ हलत होते. गुरे हाकता हाकता धावते ही. जिथे बारावं पाऊल पडलं तिथे आपली चप्पल ठेवली. मग वळली आणि आली. पांढरा झेंडा. पण दोन चुकांनंतरची घाबरलेली उडी ती, आखडलेली. सहावी आली. सहातली सहावी.

म्हणजे एकोणतीसला दुसरी फेरी. तिथेही तूच असणार म्हणे. मी वर तक्रार करणार आहे, की फळीवर असा माणूस बसवू नका ज्याला फळी बघितली की जुनं दुखणं उपटतं.

सही करत नाही. तुला अक्षर ओळखू येतं.


१९ नोव्हेंबर, बुधवार

आज संध्याकाळच्या धारेला पोरगी सहज बोलली. गाईच्या पोटाला डोकं टेकून, माझ्याकडे न बघता.

"आजोबा, फळीवरचे ते आजोबा तुमच्यासारखंच नाक ओढतात."

मी बादली पुढे सरकवली.

"ते धाकटे आजोबा ना? भिंतीवरच्या फोटोतले?"

"धार बघ. बाहेर उडतेय."

"दुसऱ्या लाल झेंड्यानंतर ते खुर्चीवरून उठले. आपली दोरी उचलली आणि मुठीत पिळली. पाणी गळलं आजोबा, दोन थेंब. मग कितीतरी वेळ आपल्या तळव्याकडेच बघत राहिले. सरांनी विचारलं, काय झालं साहेब? तर म्हणाले, काही नाही, जुनी ओळख."

"मग?"

"मग मी सरांना म्हटलं, मी दोरी नाही वापरणार, पाठ आहे मला."

"आणि दोरी?"

"त्यांच्याकडेच राहिली. आणायला विसरले. रागावू नका."

दव पडलं असेल. मैदानावर सकाळी दव पडतं. मूठ पिळून कुणाचं काही सिद्ध होत नाही.

मागच्या पत्रातला मजकूर जरा जास्त झाला. तक्रार पाठवलेली नाही. अजून.


२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळ, गाडी नुकतीच गेली

धाकट्या,

तीन दिवस हे पत्र डोक्यात लिहितोय. सुरुवात दर वेळी सुरेख होते. मास्तरांची पट्टी, कबुतरं, खिडकी. मग मी माझ्याच सुरेखपणाला शिवी देतो. आयुष्यभर हेच केलं. जिथे सरळ वाक्य हवं होतं तिथे ओळ जुळवली.

सरळ वाक्य हे. त्या वर्षी दोरी मी भिजवली नाही, पण भिजलेली मला दिसली होती.

तुझ्या चाचणीच्या सकाळी ती गाईंच्या पाण्याच्या टाकीत पडलेली होती. रात्रभर पडली असणार. मी बाहेर काढली. सदऱ्यानं पुसली. वरून कोरडी दिसेपर्यंत पुसली. आत ती आखडलेलीच होती; तिनं मोजलेली धाव तोकडी भरणार आणि पाऊल फळीपुढे पडणार, हे मला ठाऊक होतं. मग तुझ्या हातात दिली आणि म्हणालो, "नीट मोज हां." तू म्हणालास, "तू आहेस म्हणून, दादा."

बाबांची पाठ गेली होती. दोघांपैकी एकालाच घर सोडता येणार होतं. माझं अध्यापक विद्यालयाचं पत्र उशीखाली होतं. मला कवितेचा मास्तर व्हायचं होतं. तू निवडला गेलास तर गाई माझ्या गळ्यात. म्हणून मी गप्प बसलो. दुसरं काहीच केलं नाही, फक्त गप्प बसलो. आणि संध्याकाळी म्हणालो, नाचता येईना, अंगण वाकडं.

अंगण वाकडंच होतं. ज्यानं वाकडं राहू दिलं, तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

तू हरलास आणि तरीही गेलास. गाई माझ्याच गळ्यात पडल्या. शिक्षा इतकी चोख की एखाद्या कवीनं जुळवावी. मी मात्र ती शिक्षा मानली नाही, तिला त्याग म्हटलं. गावभर सांगितलं, धाकटा भित्रा निघाला, थोरल्यानं घर सांभाळलं. लोक मला मान देत. तो घेताना मान कधी खाली गेली नाही, यावरून ओळख मी काय लायकीचा माणूस आहे ते. तू मात्र, शिट्टी सांगतो, चाळीस वर्षं फळीशेजारी खुर्ची टाकून बसलास. यादीत नाव बघून मला हसू आलं. आता कळतं, तू तिथे बसून काय शोधत होतास. आपलं पाऊल का चुकलं, हेच ना?

थांब, संपलं नाही. खरं तर इथेच संपवायचं होतं. पहिल्या कच्च्या मसुद्यात इथेच संपवलं होतं.

गेल्या शनिवारी पहाटे पोरीनं दोरी खुंटीवरून काढून बादलीवर ठेवली आणि कॅन चढवायला गेली. दोरी घसरून नळाखाली पडली. नळ गळका. मी गोठ्यात आलो तेव्हा ती निथळत होती. उचलली. जड लागली. हाताला लगेच कळलं, त्याला सत्तेचाळीस वर्षं लागली नाहीत.

आणि मी ती पिशवीत घातली. वर गाठ मारली. तुला लिहिलं ना, पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून? वाळू नये म्हणून.

मुद्दाम नव्हे, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. वाटेत ऊन लागेल, वाळेल. बंद पिशवीत! शेंबड्या पोरालाही कळतं, असं मीच लिहिलं होतं.

का, ते विचारशील. गाईंसाठी नाही. गाई विकून टाकता येतात, पलीकडचा मळेवाला केव्हाचा मागतोय. पण धार काढताना मी जुन्या कविता म्हणतो, आणि हल्ली विसरतो. मग दुसऱ्या गाईच्या पलीकडून आवाज येतो, "आजोबा, एक अक्षर खाल्लंत." ती गेली की हे कोण सांगणार? मी अक्षरं खात जाईन आणि कोणाला कळणारही नाही. एवढ्यासाठी. एका अक्षरासाठी मी त्या पोरीचे पाय बांधले. आणि तिला माझ्या दोरीतून सोडवलं ते माझ्याच वृत्तानं. त्याचंही श्रेय घ्यायची मला लाज वाटत नाही, बघ. शिट्टीला मी हसलो. तो माणूस पोलादी टेप घेऊन उन्हातून चालत आला होता, दुसऱ्याच्या पोरीसाठी.

तिला अजून सांगितलेलं नाही. चाचणीपासून ती स्वतःलाच दोष देतेय. काल म्हणाली, "आजोबा, मला वाटतं मी घाबरते. मी फळीला घाबरते." तेच वाक्य, धाकट्या. तूही जाताना तेच म्हणाला होतास. मी ऐकून घेतलं आणि तिला म्हणालो, होतं असं. अजून सात दिवस आहेत. हे तिला कळलं नाही तर एकोणतीसला ती त्या फळीशी भीतीच घेऊन जाईल, आणि जन्मभर तिथेच खुर्ची टाकून बसेल.

पण तिला सांगायला जीभ रेटत नाही. तुला लिहिणं सोपं. तू लांब आहेस. कागदाला डोळे नसतात. मी असं करतो, हे पत्र तुला पाठवतो आणि तू तिला

अंगणात कोणीतरी आलं.

दुधाची गाडी नाही, ती गेली. शिट्टी सायकलवर येतो. हे पायी आहे.

ठक्.

धप्. धप्.

काठी आणि दोन पाय. एक पाय ओढत टाकलेला. पुन्हा ठक्. धप्. धप्. मागच्या बाजूनं, गोठ्याच्या दारानं. या घरात पाहुणे पुढून येतात. मागून फक्त घरचे येतात.

थांबला.

मी मान वर केलेली नाही. तू दारात आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. हसायला हरकत नाही. मान वर केली तर हात थांबेल, आणि हात थांबला तर पुन्हा गप्प बसेन, मला मी चांगला माहीत आहे. तुझी सावली कागदावर पडलीय. सावलीच्या हातात गुंडाळी आहे.

तू नाक ओढलंस. बोललास. जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला त्यातलं अक्षर खाता येणार नाही:

"दादा, दोरी वाळली. पोरीला हाक मार."